पोट सुटलेलं छत

पुरावेकरांनी दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि दिवाणखान्याने तिच्या चार करून परत दिल्या. मग त्यांनी खिडकीपाशी जाऊन एक वाजवली, दाराशी एक. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं की कोणाचा सत्कार चालू आहे, पण तिचा प्रश्न भिंतींवर आपटत, अक्षरं सांडत असा काही बाहेर आला की पुरावेकरांना त्यातलं फक्त 'कार कार' ऐकू आलं. दोष अण्णांच्या कानांत नसून घरात आहे, याची त्यांना तिथेच खात्री पटली.

पुरावेकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. विमा कचेरीच्या दावे विभागात सव्वीस वर्षं बसून त्यांनी समोर येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो जळालेल्या दुकानाचा मालक असो की पाय मोडलेला ट्रकवाला, 'पुरावा?' एवढंच विचारलं होतं. कचेरीने ठेवलेलं हे नाव इमारतीत आलं, इमारतीतून घरात शिरलं, आणि आता बायकोही चिडली की त्याच नावाने हाक मारायची. त्यांच्या मते हा त्यांच्या सचोटीचा गौरव होता. बायकोच्या मते नव्हता.

दिवाणखाना आणि शेजारची लहान खोली यांच्यामधली भिंत पाडायची कल्पना त्यांचीच. घर कसं मोकळं वाटलं पाहिजे, असं ते वर्षभर म्हणत होते. भिंत गेली. तिच्या मागोमाग जाड पडदे गेले, गालिचा गेला, धूळ धरतात म्हणून पुस्तकांची दोन कपाटं गेली आणि खाली तोंड दिसेल अशी गुळगुळीत फरशी आली. घर इतकं मोकळं झालं की अण्णाच त्यातून निघून गेले.

अण्णा म्हणजे पुरावेकरांचे वडील. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी चौतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती, कानाला हेडफोन लावून, हाताने तारा जोडत. अख्ख्या शहराचं बोलणं त्यांच्या कानांवरून गेलं आणि त्यातला एक शब्द कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडला नाही, अशी त्यांची ख्याती. आता ब्याऐंशीव्या वर्षी ऐकू कमी यायचं. कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून होतं, कारण त्यातून माणसांपेक्षा भांडीच जास्त ऐकू येतात असं त्यांचं म्हणणं. तरी जुन्या दिवाणखान्यात कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून ते सगळ्यांशी बोलत, भांडत, पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवत. नव्या दिवाणखान्यात ते दोन दिवस बसले. कोण काय म्हणतंय ते कळेना, तेव्हा नुसतं हसून मान डोलवायला लागले. तिसऱ्या दिवशी ताट घेऊन आपल्या खोलीत गेले ते गेलेच.

अशातच पुरावेकरांच्या थोरल्या ताईचा परगावाहून फोन आला. अण्णा एकटे खोलीत जेवतात हे तिला कुठून कळलं कोण जाणे. दोन महिन्यांनी नातवाची परीक्षा संपली की मी येते आणि अण्णांना कायमचं इकडे घेऊन येते, ती म्हणाली, माझं घर लहान आहे, पण तिथे माणसाचं बोलणं माणसाला कळतं. पुरावेकरांनी हे सगळं कागदावर लिहून अण्णांना दाखवलं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि 'बरं' म्हणाले. तो 'बरं' पुरावेकरांना फार लागला. निदान थोडं रागवायचं तरी. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही आणि दोन महिन्यांत हे घर अण्णांच्या कानांजोगं करायचंच, असं त्यांनी ठरवलं.

घर घुमतं ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण ती घरातून आपोआपच ऐकू जात होती. समोरच्या दारातल्या मावशींनी सल्ला दिला की भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवा, माझ्या भाच्याने तबल्याच्या खोलीला लावलेत. पुरावेकरांनी एका बेकरीतून दीडशे ट्रे मिळवले आणि मांडीवर, डोक्यावर, चालकाच्या पाठीशी रचून रिक्षाने आणले. वळणावर त्यांतले वीसेक उडाले आणि ते गोळा करताना कचेरीतल्या धाकट्या साहेबाने त्यांना पाहिलं. रविवारी दिवसभर खपून त्यांनी भिंती मढवल्या. सोमवारपासून एकेक ट्रे गळून पडू लागला. दर ट्रेचा फरशीवर पडल्याचा आवाज चारदा येई. घुमणं होतं तसंच राहिलं, फक्त त्याला आता बेकरीचा वास यायला लागला.

जिन्यात पडलेले दोन ट्रे हातात धरून सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. नियमावलीप्रमाणे घरातल्या आवाजात कोणताही बदल करायचा तर अर्ज लागतो, असं त्यांनी सांगितलं. अर्जात 'उपद्रवाचे स्वरूप' या रकान्यात तीन पर्याय होते: वाद्य, प्राणी आणि यंत्र. पुरावेकर म्हणाले, मला आवाज कमी करायचाय. कमी करण्याचा नियम नाही, सेक्रेटरी म्हणाले, त्यामुळे अर्ज वाढवण्याचाच धरला जाईल. खाली उपद्रव करणाऱ्याची सही आणि सहन करणाऱ्याची सही अशा दोन जागा होत्या. दोन्ही मीच आहे, असं पुरावेकरांनी सांगितल्यावर सेक्रेटरींनी थोडा विचार केला आणि दोन्हीकडे सही करायला लावली. दुसरी सही पुरावेकरांनी जरा खिन्न काढली.

मग पाहणी समिती आली. तिघांनी आळीपाळीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी घसा साफ करून एक आलाप घेतला. त्यांचा आवाज आयुष्यात इतका भरदार कधी लागला नसावा, कारण ते डोळे मिटून बराच वेळ तिथेच उभे राहिले. समितीने असा अभिप्राय दिला की प्रकरण गुंतागुंतीचं असून पुन्हा पाहणी आवश्यक आहे. पुढच्या पाहणीला अध्यक्ष पेटी घेऊन आले. परवानगी मिळेपर्यंत अशा पाच पाहण्या झाल्या आणि प्रत्येकीला चहा झाला. आपणही कचेरीत लोकांना असंच फिरवतो की काय, अशी शंका पुरावेकरांच्या मनाला चाटून गेली, पण पुराव्याअभावी त्यांनी ती फेटाळली.

एव्हाना तीन आठवडे संपले होते. शेवटी बायकोने आपल्या मावसबहिणीला बोलावलं. ही मेहुणी आर्किटेक्ट होती आणि मोठमोठ्या सभागृहांची कामं करायची. तिने टाळी वाजवली नाही, यावरूनच पुरावेकरांचं तिच्याबद्दल बरं मत झालं. ती नुसती खोलीच्या मधे डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, "भावोजी, तुम्ही हे घर डोळ्यांसाठी केलंत. घरात कानही राहतात." पुरावेकरांनी हे वाक्य डायरीत उतरवून घेतलं. त्याचा अर्थ त्यांना नीट लागला नव्हता, पण कागदोपत्री असलेलं बरं.

तिने पहिला उपाय सुचवला तो कोपऱ्यात एक लहानसं कारंजं ठेवण्याचा. पाण्याच्या संथ आवाजाखाली बाकीचा गलबला झाकला जातो म्हणे. झाकला गेला हे खरं. पण दर वीस मिनिटांनी घरातलं कोणीतरी उठून न्हाणीघराकडे जाऊ लागलं, आणि आलेले पाहुणे चहा अर्धा टाकून उठू लागले. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्यांनी बोलावलेला प्लंबर वर आला. त्यांच्याकडे रात्रंदिवस पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. पुरावेकरांनी कारंजं दाखवलं, पण प्लंबरचा आपल्या कानावर तीस वर्षांचा विश्वास होता. त्याने भिंतीला कान लावला, दोन बोटांनी टकटक केली आणि न्हाणीघराची भिंत फोडून चांगला पाइप तोडला. पाणी उसळलं. "म्हटलं होतं ना, गळतंय," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की पुरावेकरांना त्याच्याशी भांडता आलं नाही.

कारंजं मावशींना देऊन टाकलं. मेहुणीने खोलीची मापं घेतली, अण्णांची खुर्ची कुठे, सोफा कुठे, ते विचारलं, आणि म्हणाली की खरा उपाय छताचा आहे, प्लॅस्टरचं छत करू, म्हणजे आवाज सगळीकडे पांगेल, एका जागी गोळा होणार नाही. दुसऱ्या दिवशी नकाशा पाठवून ती एका सभागृहाच्या कामासाठी महिनाभर बाहेरगावी गेली.

आता इथे पुरावेकरांच्या कामाची पद्धत सांगायला हवी. दावे विभागात येणारे निम्मे फोटो आणि नकाशे उलटे लावलेले असतात. बुडालेली नाव आकाशात आणि कोसळलेला पत्रा पुन्हा वर. त्यामुळे कोणताही कागद आला की आधी तो सुलटा करायचा, वरच्या बाजूला बाण काढायचा आणि 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून सही ठोकायची, ही त्यांच्या हाताची सवय होती. मेहुणीच्या कागदावर नुसती एक लांब कमान होती, आजूबाजूला आडवे-उभे आकडे. ती कमान खालच्या बाजूला फुगलेली होती, म्हणजे छताचं पोट खोलीत लोंबणार. पुरावेकरांनी कागदाकडे पाहिलं, मग स्वतःच्या शर्टाच्या खालच्या बटणाकडे पाहिलं. पोट सुटलेलं छत कुठे असतं का? बाई घाईत होत्या, कागद उलटा गेला. त्यांनी तो फिरवला, बाण काढला, शेरा मारला आणि प्लॅस्टरवाल्याच्या हातात दिला.

प्लॅस्टरवाल्याने आठ दिवसांत घमेलं पालथं घालावं तसं एक सुरेख, गुळगुळीत, खोलगट छत करून दिलं. पुरावेकरांनी टाळी वाजवली. चारच्या पाच झाल्या. त्यांना काही कळेना. अण्णा छत बघायला बाहेर येऊन घटकाभर खुर्चीत टेकले होते. सोफ्यावर बसून पुरावेकर बायकोला हळूच म्हणाले की सगळं मुसळ केरात गेलं, आता अण्णा जाणार. बायकोही हळूच म्हणाली की जाऊ दे, तुम्ही करायचं ते केलंत.

आणि दुसऱ्या दिवशी अण्णा पेपर घेऊन बाहेर आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

ते रोज बसू लागले. सगळ्यांना आनंद झाला, पण समाधान होईना, कारण शेजारी उभं राहून कोणी काही विचारलं की ते पूर्वीसारखाच कानाशी हात नेऊन 'काय?' म्हणत. बोलत तर मुळीच नसत. मात्र घरात चमत्कारिक गोष्टी घडायला लागल्या. बायको सोफ्यावर कुजबुजली की चहापत्ती संपली, तर तासाभरात अण्णा पिशवी घेऊन जाऊन चहापत्ती घेऊन आले. पुरावेकर तिथेच बसून पुटपुटले की अण्णांच्या स्वेटरला वास येतो, तर सकाळी स्वेटर दोरीवर. एकदा मावशी येऊन सोफ्यावर बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या की म्हातारपणी माणूस फार चहा पितो नाही, तर अण्णांनी चार दिवस चहा सोडला.

पुरावेकरांना वाटलं बायको सांगते. बायकोला वाटलं पुरावेकर सांगतात. त्यावरून दोघांचं सोफ्यावरच कुजबुजत भांडण झालं, आणि अण्णा मधेच उठून फिरायला गेले. मग पुरावेकरांनी रीतसर चौकशी सुरू केली. एका वहीत तारीख, उच्चारलेलं वाक्य, अण्णांची कृती आणि निष्कर्ष असे चार रकाने आखले. यंत्र ड्रॉवरमध्ये होतं, तेही सेलशिवाय. ओठ वाचतात म्हणावं, तर पेपर तोंडासमोर. एका दुपारी पुरावेकर अण्णांच्या खुर्चीमागे उभे राहून खच्चून ओरडले की इमारतीला आग लागली आहे. अण्णांनी शांतपणे पान उलटलं, आणि सेक्रेटरी वाळूची बादली घेऊन वर आले. पुरावेकरांनी बादलीबद्दल माफीचा अर्ज लिहून दिला. वहीतला 'निष्कर्ष' हा रकाना रिकामाच राहिला.

ताई ठरल्याप्रमाणे शनिवारी दुपारी आली. अण्णांची बॅग भरून खोलीच्या दाराशी ठेवलेली होती. दोन शर्ट, दोन धोतरं, औषधाची डबी, आणि एक्स्चेंजमधल्या जुन्या सहकाऱ्यांचा फोटो. अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. ताई आणि पुरावेकर सोफ्यावर बसले. ताईचा आवाज मुळात मोठा, पण खोली घुमते म्हणून तीही हळू बोलू लागली. उद्या दुपारची गाडी आहे, ती म्हणाली.

पुरावेकरांनी फरशीकडे पाहिलं. फरशीत त्यांचं तोंड दिसत होतं आणि ते काही चांगलं दिसत नव्हतं.

"ताई, त्यांना नेऊ नकोस," ते म्हणाले. "भिंत पाडताना मी त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. घर चांगलं करायला निघालो आणि त्यांनाच बाहेर काढलं. मला त्यांच्याशी धड बोलता येत नाही, कधीच आलं नाही. पण संध्याकाळी घरी आल्यावर त्या खुर्चीत ते दिसले नाहीत, तर मला घरी आल्यासारखंच वाटत नाही."

ताईने डोळ्याला पदर लावला. "अरे, मग हे त्यांना सांग की."

"त्यांना ऐकू कुठे येतं," पुरावेकर म्हणाले.

समोर पेपर जरासा हलला. थोड्या वेळाने अण्णा उठले, खोलीच्या दाराशी गेले, बॅग उचलून आत नेली. ताई मागून गेली तर ते शर्ट कपाटात लावत होते. फोटो भिंतीवर परत गेला होता. ती बाहेर येऊन पुरावेकरांकडे बघत राहिली, पुरावेकर बायकोकडे, आणि बायको म्हणाली की या वेळी तर मी स्वयंपाकघरात होते.

रविवारी सकाळी, अण्णा आंघोळीला गेलेले असताना, मेहुणी आली. बाहेरगावच्या कामावरून ती तशीच छत बघायला आली होती. तिने दारातूनच वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग बायकोला अण्णांच्या खुर्चीत बसवलं, स्वतः सोफ्यावर बसली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. पंधरा फुटांवर बायको दचकून उभी राहिली. कोणीतरी कानाशी येऊन बोलल्यासारखं झालं, ती म्हणाली. मेहुणीने समजावून सांगितलं: छताचं पोट खाली हवं होतं, म्हणजे आवाज पांगला असता. ते वर गेलं, त्यामुळे सोफ्यावरचं पुटपुटणं छताला लागून नेमकं त्या खुर्चीत उतरतं, आणि तिथलं इथे. मधे उभं राहणाऱ्याला नुसता कालवा. हे झालं कसं?

प्लॅस्टरवाल्याने काम संपल्यावर परत दिलेला नकाशा पुरावेकरांच्या फायलीतच होता. तिने तो उलगडला. बाण ठळक होता आणि सहीसुद्धा. सव्वीस वर्षांत पुरावेकरांच्या शेऱ्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मेहुणी हसली नाही, हे तिचे उपकार. ताई मात्र हसली आणि तिचं हसणं चांगलं पाच वेळा घुमलं. मंगळवारी माणसं पाठवते, मेहुणी म्हणाली, हे पाडून सरळ करून देऊ.

पुरावेकरांच्या कानांत मात्र भलताच हिशेब चालू होता. स्वेटर. चहा. बायकोशी झालेलं भांडण. आणि काल दुपारचं ते सगळं. त्यांचे कान तापले. तीन आठवडे अण्णांनी एकूण एक शब्द ऐकला होता.

दुपारी ताई एकटीच गाडीने गेली. जाताना अण्णांच्या पाया पडली आणि धाकट्या भावाच्या पाठीत एक धपका घातला. बायको तिला पोहोचवायला गेली. अण्णा खुर्चीत येऊन बसले आणि त्यांनी पेपर उघडला. पुरावेकर खुर्चीशी जाऊन मोठ्याने म्हणाले, "अण्णा, छताचं विचारायचं होतं."

"काय?" अण्णांनी कानाशी हात नेला.

पुरावेकर वळले. सबंध दिवाणखाना ओलांडून सोफ्यावर जाऊन बसले, वर पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "अण्णा, तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?"

पेपर हलला नाही. पण त्यांच्या उजव्या कानाशी, पूर्वी लहानपणी अंथरुणात ऐकू यायचा तसा, अण्णांचा आवाज आला.

"लाइनवर ऐकलेलं बोलायचं नाही. नियम आहे."

"मग चहापत्ती?"

"आणू नये असा नियम नाही."

पुरावेकरांनी घसा खाकरला, आणि तो अण्णांना फार मोठ्याने ऐकू गेला असणार हे लक्षात येऊन ओशाळले. छत उलटं झालंय, त्यांनी सांगितलं, माझीच चूक. मंगळवारी पाडायचं, की राहू द्यायचं?

खुर्चीकडून पान उलटल्याचा आवाज आला. मग आलं ते असं:

"काल ताईला म्हणालास ते खरं?"

"हो."

"पुरावा?"

पुरावेकरांचा हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला. सव्वीस वर्षं हा प्रश्न त्यांनी लोकांना विचारला होता, आणि समोरचा माणूस असा का घुटमळतो हे त्यांना कधी कळलं नव्हतं. देण्यासारखा एक कागद त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी हाताने डोळे पुसले आणि त्या हाताचं काय करावं हे न सुचून तो सोफ्यावर ठेवला.

अण्णांनी पेपर थोडा खाली केला आणि त्याच्यावरून मुलाकडे जरा वेळ पाहिलं. मग पेपर पुन्हा वर गेला.

"राहू दे छत," आवाज आला. "तपासलंय मी. बरोबर आहे."